कोड इंजिनाचा, बिघाड कपलरमध्ये

वडशात दिवाळीनंतर दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक झाडीपट्टीच्या नाटकांचा. गावोगावची मंडळी मंडईच्या जत्रेसाठी तारीख पक्की करायला इथल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत येऊन बसतात. दुसरा हंगाम मातीचा. धान कापून झालं, बांध्या वाळल्या, की पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या पोकलेन मशिनी ट्रेलरवर चढू लागतात. वडसा–गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाचा भराव, वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरीच्या बाजूला गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांची कामं, मामा (माजी मालगुजारी) तलावांतला गाळ, मुरमाच्या खाणी, रस्त्यांचं रुंदीकरण. गडचिरोली जिल्ह्याला दीर्घकाळ रेल्वेस्थानक म्हणून वडसा एवढंच होतं, त्यामुळे यंत्रांची, सुट्या भागांची आणि ती दुरुस्त करणाऱ्यांची वर्दळही इथेच जमली.

या मशिनींत कोऱ्या थोड्या. बाकीच्या कोळसा खाणीचं कंत्राट संपल्यावर निघालेल्या, हप्ते थकल्यामुळे फायनान्सवाल्यांनी ओढून नेऊन लिलावात काढलेल्या, नागपूर, रायपूर, हैदराबाद असा प्रवास करून आलेल्या. घेणारा काय बघतो? चेन किती झिजली, बूमला वेल्डिंग आहे का, पंपाचा आवाज कसा, मीटरवर तास किती. हे सगळं बघायलाच हवं. पण गेल्या वीसेक वर्षांत बनलेल्या वीस टनी मशीनमध्ये आणखी एक अवयव असतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या दोन तारा. या प्रकरणाचा विषय त्या दोन तारा.

एक नमुन्याची मशीन घेऊ. वीस टनी, दोन मालक झालेले, आठ-नऊ हजार तास चाललेली, वडशाजवळ मुरमाच्या खाणीवर लावलेली. ऑपरेटरची तक्रार अशी: "सकाळी बराबर चालते जी. दहा-साडेदहा वाजले का दम सोडते. चाबी बंद करून सुरू केली का पुन्हा चालते." दम सोडते म्हणजे काय, तर डिस्प्लेवरचे काटे एकाएकी शून्यावर जातात, थ्रॉटलचा डायल फिरवला तरी इंजिन एका ठरावीक कमी वेगावर अडकून बसतं, बकेट भरताना ते दबतं आणि पडद्यावर एक कोड येतो. पहिला मिस्त्री डिझेल फिल्टर बदलतो. दुसरा टाकी साफ करतो. तिसरा लॅपटॉप लावतो, कोडात इंजिनाचं नाव दिसतं आणि तो निकाल देऊन टाकतो: "ईसीएम गेला." नवा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंट्रोलर, लाखाच्या घरात. जुना म्हणून बाजारातून आणला, तर तो याच मॉडेलचा, याच सॉफ्टवेअरचा असेल याची हमी कोणी देत नाही.

तिसरा मिस्त्री खोटं बोलत नव्हता. कोडात इंजिनाचं नाव होतंच. त्याचं चुकलं ते कोडाचा अर्थ लावताना.

पूर्वीच्या मशीनमध्ये प्रत्येक सेन्सरपासून प्रत्येक काट्यापर्यंत स्वतंत्र तार जायची. इंजिनाचा डिझेल पंप यांत्रिक, ॲक्सिलरेटरला केबल, फार तर पंपासाठी एक छोटा कंट्रोलर. जुने मिस्त्री आजही त्या मशिनींची आठवण काढतात, आणि त्यांचं दुःख मला समजतं. पण इंजिनात कॉमन रेल आली, हायड्रॉलिक पंपाला इंजिनाच्या दमाप्रमाणे तेल कमी-जास्त करायला सांगणं गरजेचं झालं, तेव्हा इंजिनाचा कंट्रोलर, पंपाचा कंट्रोलर आणि कॅबमधला मॉनिटर यांना सतत एकमेकांचं ऐकणं भाग पडलं. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडणारी वेगळी तार टाकली असती, तर मशीनमध्ये तारांचं जंगल झालं असतं. यावरचा तोडगा जर्मनीच्या बॉश कंपनीने काढला. बॉश हे नाव महाराष्ट्राला नाशिकच्या कारखान्यामुळे, म्हणजे पूर्वीच्या मायकोमुळे, ओळखीचं आहे. कंपनीने १९८३ मध्ये या कामाला हात घातला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंता परिषदेत आपली पद्धत मांडली. तिचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव कॅन. १९९३ मध्ये ते आयएसओ ११८९८ हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. ट्रक, ट्रॅक्टर आणि खोदकाम यंत्रांसाठी त्यावर जे१९३९ नावाची बोलण्याची रीत बसवली गेली. तिच्यात कोणता संदेश कोणत्या क्रमांकाने जाईल आणि कोणत्या कंट्रोलरचा पत्ता काय, हे ठरलेलं आहे. इंजिनाचा पत्ता ०.

कॅनचं बोलणं गावच्या दवंडीसारखं चालतं. संदेश कोणा एकाच्या नावाने जात नाही, सगळ्यांच्या कानावर पडतो, आणि ज्याला त्याच्याशी कर्तव्य आहे तो तो उचलतो. इंजिनाचा कंट्रोलर आपला वेग सेकंदाला पन्नास-शंभर वेळा तारेवर टाकतो. पंपाचा कंट्रोलर तो ऐकून तेल ठरवतो, मॉनिटर तोच ऐकून काटा हलवतो. जे१९३९ च्या रूढ वेगाने, म्हणजे सेकंदाला अडीच लाख बिट, एक संदेश अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास संपतो. दोघं एकदम बोलायला लागले, तर कमी क्रमांकाचा, म्हणजे अधिक महत्त्वाचा संदेश पुढे जातो, दुसरा आपोआप थांबतो आणि नंतर पुन्हा बोलतो. यात कोणाचाही शब्द वाया जात नाही.

आणि कोणी चुकीचं बोलू लागला तर? त्याचीही सोय आहे. प्रत्येक कंट्रोलर स्वतःच्या चुका मोजत असतो. संदेश पाठवताना चूक झाली की खात्यात ८ जमा, नीट गेला की १ वजा. खातं २५५ च्या वर गेलं की तो कंट्रोलर स्वतःला तारेवरून बाजूला काढतो, म्हणजे त्याच्या गोंधळात बाकीचे अडकत नाहीत. लागोपाठ बत्तीस चुका झाल्या की एवढं पुरतं, आणि या वेगात त्याला क्षणभरही लागत नाही. ऑपरेटर चाबी बंद-चालू करतो तेव्हा खातं शून्यावर येतं आणि मशीन पुन्हा शहाण्यासारखी चालते. 'बंद करून सुरू केली का चालते' हे वाक्य म्हणूनच फार मोलाचं. ते ऐकलं की डिझेल फिल्टरकडे जाणारा हात आवरता घ्यावा.

आता कोडाकडे. जे१९३९ मध्ये कोडाचे दोन भाग असतात. पहिला आकडा सांगतो कशाबद्दल, दुसरा सांगतो काय झालं. १०० हा इंजिन ऑइलच्या दाबाचा क्रमांक. त्यापुढे १ असेल, तर दाब खरोखरच धोकादायक उतरला आहे, इंजिन तत्काळ बंद करायचं. त्यापुढे ४ असेल, तर सेन्सरकडून येणारा व्होल्टेज असायला हवा त्यापेक्षा कमी आहे, म्हणजे सेन्सर किंवा त्याची तार बघायची. आणि ९ असेल, तर ती माहिती वेळेवर आलीच नाही. त्यात ऑइलचा दोष नाही, सेन्सरचाही बहुधा नाही. १९ आला, तर माहिती आली, पण पाठवणाऱ्यानेच ती भरवशाची नाही असं कळवलं. एकाच '१००' चे हे चार अर्थ आहेत आणि चारांच्या चार वेगवेगळ्या दुरुस्त्या. ६३९ हा क्रमांक तर थेट त्या दोन तारांचाच. कोमात्सूच्या आठव्या मालिकेत मॉनिटरवर ई०ई येतो, तोही नेटवर्कच्या बिघाडाचाच. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे, पण प्रश्न एकच विचारायचा: हा कोड एखाद्या भागाच्या तब्येतीबद्दल बोलतोय की त्याचं ऐकू न आल्याबद्दल?

ऐकू न आल्याचा कोड असेल, तर त्यात ज्याचं नाव आहे तो आजारी असेलच असं नाही. आधी तक्रार कोणी केली ते बघायचं. कागदावर सगळे कंट्रोलर लिहून कोण कोणाबद्दल बोलतंय याच्या रेघा ओढल्या, तर निम्मं काम तिथेच होतं. सगळ्यांची बोटं एकट्या इंजिनाकडे असतील, तर इंजिनाच्या कंट्रोलरला वीज आणि अर्थ (अर्थिंग) मिळतो का, आणि त्याच्याकडे जाणारी तार शाबूत आहे का, हे बघायचं. एकटा मॉनिटर बाकी सगळ्यांबद्दल कुरकुरत असेल, तर तो एकटाच तारेवरून सुटलाय. सगळेच सगळ्यांबद्दल बोलत असतील, तर मुख्य जोडी कुठेतरी तुटली, चिकटली किंवा पाण्यात आहे. आपल्या नमुन्याच्या मशीनमध्ये पंप आणि मॉनिटर दोघंही इंजिनाबद्दल ओरडत होते. इंजिनाच्या कंट्रोलरच्या स्वतःच्या स्मृतीत मात्र स्वतःबद्दल एकही तक्रार नव्हती. गेलेला ईसीएम सहसा इतका शांत नसतो.

इथून पुढचं काम लॅपटॉपचं नाही, मल्टीमीटरचं. आणि त्यातलं सगळ्यात उपयोगी मोजमाप मशीन पूर्ण बंद असताना घ्यायचं असतं.

दोन तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, त्याला टर्मिनेटर म्हणतात. तारेतून जाणारी लहर टोकाला आपटून परत येऊ नये, आली तर ती पुढच्या बिटात मिसळून गोंधळ करेल, म्हणून ती टोकाला जिरवायची ही व्यवस्था. दोन टोकांना दोन, म्हणजे समांतर जोडणीत मोजल्यावर ६० ओहम यायला हवेत. चाबी बंद, बॅटरीची तार काढलेली, आणि कॅबमधल्या निदानाच्या गोल नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांवर मीटरच्या दोन काड्या. सी म्हणजे कॅन हाय, बहुधा पिवळी तार; डी म्हणजे कॅन लो, बहुधा हिरवी. पन्नास ते सत्तरच्या दरम्यान आकडा आला, तर पाया ठीक. एकशे वीस आला, तर एक टोक हरवलंय: टर्मिनेटर निघालाय किंवा मधे तार तुटलीय. चाळीस आला, तर कोणीतरी तिसरा टर्मिनेटर आणून बसवलाय, बहुधा बदललेल्या कंट्रोलरच्या पोटात किंवा नंतर लावलेल्या एखाद्या डब्यात. शून्याजवळ आला, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. काहीच आलं नाही, तर दोन्ही टोकं गेलीत किंवा सॉकेटचीच तार सुटलीय.

टर्मिनेटर पुष्कळ मशिनींत नुसत्या एका छोट्या बंद कपलरच्या रूपात असतो. त्याला पुढे तार नसते, तो कशालाच जोडलेला दिसत नाही. हार्नेस, म्हणजे तारांची जुडी, आवरताना 'हे फालतू लटकतंय' म्हणून तो काढून फेकणारे मिस्त्री आहेत, आणि त्या मशिनी पुढे कित्येक महिने अधूनमधून रुसत राहतात. तारा आखूड असल्यामुळे एक टर्मिनेटर गेला तरी बोलणं लगेच बंद पडत नाही, चुका मात्र वाढतात. म्हणूनच हा बिघाड सापडायला कठीण.

ओहम ठीक असले की बॅटरी जोडून, चाबी चालू करून व्होल्टेज बघायचा. कोणी बोलत नसतं तेव्हा दोन्ही तारा अडीच व्होल्टवर असतात. बोलताना हाय साडेतीनपर्यंत चढते, लो दीडपर्यंत उतरते. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, म्हणून हाय अडीचच्या किंचित वर आणि लो किंचित खाली दिसते, दोन्हींची बेरीज पाचाच्या आसपास. दोन्ही अगदी सारख्या असतील, तर कोणी बोलतच नाहीये किंवा तारा चिकटल्यात. एखादी शून्यावर असेल, तर ती बॉडीला लागलीय. चोवीसच्या दिशेने सरकली असेल, तर ती बॅटरीच्या तारेला लागलीय आणि कंट्रोलरच्या आतली चिप वाचली असेल याची खात्री नाही.

एक गोष्ट फार जण विसरतात: अर्थ. कॅन दोन तारांमधला फरक वाचतं, त्यामुळे थोडाफार अर्थचा फरक ते सहन करतं. मानकाप्रमाणे तारांवरचा व्होल्टेज वाचणाऱ्याच्या स्वतःच्या अर्थच्या तुलनेत उणे २ ते अधिक ७ या मर्यादेत राहायला हवा. इंजिनाचा अर्थ एका बोल्टवर, कॅबचा दुसऱ्या बोल्टवर, आणि मधल्या बोल्टखाली गंज, रंग आणि चिखलाचा थर असला, की स्टार्टर फिरताना या दोन अर्थांमध्ये व्होल्टभराचे फरक पडतात. अडखळणारं बोलणं त्या क्षणी पार तुटतं. तीच गत उतरलेल्या बॅटरीची. दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्यांपैकी एक मेलेली असेल, तर स्टार्टर मारताना कंट्रोलर क्षणभर विझतात आणि पडद्यावर एकदम पाच-सहा कोड उभे राहतात. पावसाळाभर उभ्या मशीनला नोव्हेंबरात पहिल्यांदा चाबी लावली, की हे चित्र हमखास दिसतं. म्हणून कोडांच्या मागे लागण्याआधी बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात, आणि इंजिन आणि कॅबचे अर्थ खोलून, घासून, घट्ट आवळावेत. एवढ्यावर बऱ्या झालेल्या मशिनी कमी नाहीत.

आता आपल्या मशीनकडे. थंड असताना मोजलं तर साठ. ठीक. अनुभवी वायरमन इथे थांबत नाही. मीटर लावून ठेवतो आणि हेल्परला कॅबखालून इंजिनाकडे जाणारं हार्नेस हाताने हलवायला सांगतो, एकेक वीत पुढे सरकत. कॅबच्या मागे काही नाही. हायड्रॉलिक टाकीच्या कडेला पोचल्यावर मीटर उडी मारतो: १२०. हात सोडला, साठ. पुन्हा दाबला, १२०. म्हणजे तार इथे अर्धवट तुटलीय, आणि तुटली की इंजिन आणि त्याच्या बाजूचा टर्मिनेटर पलीकडे एकटे पडतात. सकाळी सगळं थंड असताना तार टेकून राहते. ऊन आणि इंजिनाची उष्णता वाढली, पत्रा आणि तार वेगवेगळ्या प्रमाणात पसरली, वरून मशीनची थरथर, की संपर्क सुटतो. ऑपरेटरचे 'दहा-साडेदहा' हे असे जुळतात.

काळी टेप सोडवल्यावर आतलं दिसतं. दोन्ही तारा सोलून त्यांना आणखी दोन तारा पिळून जोडलेल्या, त्या चार इंच पुढे जाऊन कापलेल्या, टोकं उघडी. पिळलेल्या जागी तांब्यावर हिरवी पूड. क्लिप तुटलेली, त्यामुळे हार्नेस ब्रॅकेटवर घासून अर्धी तार झिजलेली.

या कापलेल्या दोन तारा कसल्या, हे जुन्या मशिनींच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कर्ज देणारे मशीन कुठे आहे हे कळावं म्हणून जीपीएसचा डबा बसवतात, आणि काही डबे तास आणि वेग वाचण्यासाठी थेट कॅनला जोडलेले असतात. मशीन हात बदलते तेव्हा डबा काढला जातो. काढला म्हणजे कापला. शिल्लक राहिलेलं शेपूट कोणाच्या लक्षात राहत नाही. जे१९३९ मध्ये मुख्य जोडीतून निघणारी फांदी १ मीटरपेक्षा लांब नसावी असा नियम आहे. या शेपटाची लांबी नियमात बसते, पण त्याच्या उघड्या तोंडातून पाणी आत येतं, आणि तांब्याच्या बारीक धाग्यांमधून ते रॉकेल वातीत चढावं तसं हळूहळू पुढे सरकत कपलरपर्यंत पोचतं.

दुरुस्ती साधी. खराब तुकडा पूर्ण कापून टाकायचा, नवी जोडी क्रिंप करून बसवायची, वर गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवायची, दोन तारांना पूर्वीसारखाच एकमेकींभोवती पीळ द्यायचा आणि हार्नेस नव्या क्लिपने बांधायचं. पिळाचा हट्ट वरवर किरकोळ वाटतो. पण बाहेरून येणारी विद्युत खळबळ दोन्ही तारांवर सारखी पडावी आणि फरक तसाच राहावा, यासाठीच तो असतो. सरळ तार टाकली तर अल्टरनेटर आणि सोलेनॉइडच्या शेजारून जाताना ती कुरकुर उचलते.

वडशाच्या आसपास असले बिघाड जास्त का होतात, याची कारणं जमिनीतच आहेत. गडचिरोली हा राज्यातल्या भरपूर पावसाच्या जिल्ह्यांपैकी एक. जून ते ऑक्टोबर शेतात पाणी, मशिनी उभ्या. उभ्या मशीनचं बॉनेट म्हणजे उंदरांना आणि खारींना कोरडी, उबदार जागा. धानाच्या कोठारांजवळ तर विचारायलाच नको. त्यांनी कुरतडलेली तार बाहेरून धड दिसते, आत मात्र दोन-तीन धागेच उरलेले असतात. उन्हाळ्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यात इंजिनाशेजारची प्लास्टिकची कपलरं ठिसूळ होतात आणि त्यांची रबरी सीलं कडक पडतात. मशीनला रॉक ब्रेकर लावला, की पिना सॉकेटमध्ये सूक्ष्म हलत राहतात, त्यांचा मुलामा झिजून काळा थर चढतो. हा थर डोळ्यांनाही नीट दिसत नाही. कपलर चार-पाच वेळा काढून घातलं की बिघाड 'आपोआप' जातो आणि आठवड्याने परत येतो.

आणि पूर. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्दच्या तेहतीस दरवाजांतून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेने दोन्ही तीरांवर थैमान घातलं. अशा पुरात नदीकाठी किंवा सखल कामावर उभी असलेली मशीन बुडाली, तर नंतर ती धुऊन, रंगवून, ऑइल बदलून चालू करता येते. हार्नेसमध्ये शिरलेलं गाळाचं पाणी मात्र निघत नाही. ते दोन वर्षांनी बोलतं. अशी मशीन ओळखायची असेल तर कॅबमधली मॅट उचला, सीटखालच्या बोल्टांचा गंज बघा, आणि खालच्या बाजूचं एखादं कपलर उघडून आत बारीक गाळाची रेघ आहे का ते पाहा. वरचा रंग कितीही नवा असो.

काही बिघाड माणसांनी केलेले. बकेटचे दात, बूमची भेग यांसाठी वेल्डिंग लागतंच. पण बॅटरी न काढता, आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या जागेपासून दूर चेनच्या बाजूला लावून आर्क मारला, की तो प्रवाह बेअरिंगांमधून आणि कंट्रोलरच्या अर्थमधून वाट काढतो. बॅटरीची उणे तार काढणं, कंट्रोलरची कपलरं सोडवणं आणि अर्थ वेल्डिंगच्या अगदी जवळ लावणं याला दहा मिनिटं लागतात. दुसरी खोड टाचणीची. तारेत वीज आहे का हे बघायला वायरमन इन्सुलेशनमध्ये टाचणी खुपसतात. चाचणी होते, भोक राहतं, पाऊस आत जातो. कपलरच्या मागून बारीक काडी सरकवून मोजता येतं, तेच करावं. तिसरी खोड हाय-प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुण्याची, तिच्याबद्दल काही सांगायला नको.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. साठ ओहमचा नियम कॅनसाठी आहे. त्याआधीच्या काही मशिनींत कंपन्यांची स्वतःची निराळी संवाद पद्धत होती, तिथे हा आकडा शोधून डोकं फिरवून घेऊ नये. दुसरं, बऱ्याच मशिनींत कॅनच्या दोन-तीन वेगळ्या जोड्या असतात आणि कॅबमधल्या सॉकेटवर त्यातली एकच येते. तिथे साठ मिळाले म्हणून बाकीच्या जोड्याही धड आहेत असं होत नाही. सर्किटचा नकाशा हाती असल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे अंधारात चाचपडणं. आणि बाजारात मिळणारी स्वस्त नकली स्कॅनर केबल लावल्यावर नवेच कोड दिसायला लागले, तर आधी ती केबल काढून बघावं.

हे ज्ञान फक्त पोकलेनवाल्यांपुरतं राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२१ पासून चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि ज्या बॅकहो लोडरला आपण सरसकट जेसीबी म्हणतो, त्यातही हीच दोन तारांची जोडी आली. पुढची पाच-सात वर्षं हीच यंत्रं जुन्या बाजारात येत राहणार. तालुक्याच्या आयटीआयमधल्या डिझेल मेकॅनिकच्या पोराला कॅनची चाचणी यायला हवी, हे माझं स्पष्ट मत. त्यासाठी लाखाचं उपकरण लागत नाही. दीड-दोन हजारांचा बरा मल्टीमीटर आणि भंगारातलं एक हार्नेस पुरतं.

जुनी मशीन घेणाऱ्याला शेवटी थोडं. विकणारा मशीन आधीच गरम करून ठेवत असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना बघायला या, आणि चांगली तापेपर्यंत थांबा. कोडांची यादी मागा, चालू आणि जुन्या दोन्हींची. आठ हजार तास चाललेल्या मशीनच्या स्मृतीत एकही जुना कोड नसेल, तर ती निरोगी आहे असं समजू नका; कोणीतरी काल पुसलंय. मॉनिटरवरचे तास आणि इंजिनाच्या कंट्रोलरमधले तास जुळतात का बघा. जुळत नसतील तर दोहोंपैकी एक दुसऱ्या मशीनमधून आलाय. कोमात्सूसारख्या मशिनींत पंपाचा कंट्रोलर बंद पडला तरी काम निभावून न्यायला एक आणीबाणीचा स्विच दिलेला असतो. तो चालू ठेवूनच मशीन दाखवली जाते का, हे झाकण उघडून पाहा. मग बॅटरीची तार काढून सी आणि डीवर ओहम मोजा, हार्नेस हलवत मोजा. या सगळ्याला फार तर एक सकाळ लागते. विकणारा तेवढी सकाळ देत नसेल, बॅटरीची तार काढू देत नसेल, तर इसार देऊ नका.